'येत नाही', 'शकत नाही' आणि 'वाचवत नाही' : एका ग्रीक क्रियापदाच्या निमित्ताने



आजचा लेख व्याकरणाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

मालेगावात मी तिसरीच्या वर्गाला शिकवत असतानाची गोष्ट. वर्गात एक मुलगी होती. तोंडी उत्तरं पटापट द्यायची, पाढे खणखणीत म्हणायची. पण दुपारच्या सत्रात पुस्तक हातात दिलं की दोन-तीन ओळी वाचून थांबायची. मी विचारलं, "काय झालं गं?" ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, वाचवत नाही."

मी नोंदवहीत लिहिलं : 'वाचू शकत नाही.' आणि तिला अक्षरकार्डांच्या गटात बसवलं. अ आणि आ पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवडे ती निमूटपणे त्या गटात बसली.

पालकसभेला तिची आजी आली. मी नोंद वाचून दाखवली. आजी जरा दुखावल्याच. म्हणाल्या, "मॅडम, पोरीला वाचता येतं की! सकाळी मला पेपर वाचून दाखवते. संध्याकाळी मात्र तिला वाचवत नाही, डोकं धरून बसते."

पुढे डोळे तपासले आणि जवळचं बघण्यासाठी चष्मा लागला. मुलगी आठवडाभरात अक्षरकार्डांच्या गटातून बाहेर आली. पण माझ्या मनातून ती गोष्ट गेली नाही. कारण त्या आठ वर्षांच्या मुलीने मला अगदी अचूक मराठीत सांगितलं होतं की अडचण नेमकी कुठे आहे. ती 'वाचता येत नाही' असं म्हणाली नव्हती. ती 'वाचवत नाही' असं म्हणाली होती. फरक मला कळायला हवा होता. डी.एड.ला 'शक्य क्रियापद' मीच पाठ करून परीक्षेत लिहून आले होते!

ग्रीक भाषा मध्येच कुठून आली?

एकदा परिसर अभ्यासाच्या तासाला एका मुलाने घरची जुनी सायकल आणली होती. तिच्या चाकाला घासून दिवा लावणारा डायनामो होता. मुलांनी विचारलं, "मॅडम, डायनामो म्हणजे काय?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "डायनामाइट आणि डायनामो भाऊ-भाऊ आहेत का?" मी घरी जाऊन शोधलं, तर खरंच भाऊ-भाऊ निघाले. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये आपल्या स्फोटकाला डायनामाइट हे नाव दिलं, ते प्राचीन ग्रीक भाषेतल्या 'द्युनामिस' म्हणजे शक्ती, सामर्थ्य या शब्दावरून. आणि या नामाचं क्रियापद आहे 'द्युनामाइ', म्हणजे 'मी करू शकतो, माझ्यात सामर्थ्य आहे'.

या क्रियापदाबद्दल वाचताना मला ती मुलगी पुन्हा आठवली. कारण 'करू शकणे' ही कल्पना प्रत्येक भाषा वेगवेगळ्या खणांत ठेवते, हे तिथे स्पष्ट दिसतं. ग्रीकमधले हे खण आधी बघू आणि मग आपल्या घरी येऊ.

ग्रीकमधलं 'शकणे'

१. 'द्युनामाइ' म्हणजे मी शकतो, 'द्युनासाइ' म्हणजे तू शकतोस, 'द्युनाताइ' म्हणजे तो शकतो. शेवटची अक्षरं बघा : माइ, साइ, ताइ. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं असेल त्यांना 'लभे, लभसे, लभते' आठवेल. संस्कृतात याला आत्मनेपद म्हणतात. ग्रीकमधले हे प्रत्यय त्याच कुळातले आहेत. 'द्युनामाइ' कायम याच रूपात चालतं. त्याला साधं, परस्मैपदासारखं रूपच नाही.

२. हे क्रियापद बहुधा एकटं येत नाही. त्याच्याबरोबर दुसऱ्या क्रियापदाचं 'करायला, जायला' अशा अर्थाचं रूप येतं. आपलं 'शकणे' तर एकटं उभंच राहत नाही, त्याला 'करू, जाऊ, वाचू' असं काहीतरी लागतंच.

३. एखादं काम शिकून घेतलेलं असणं, म्हणजे कौशल्य, यासाठी ग्रीकमध्ये वेगळं क्रियापद आहे : 'एपिस्तामाइ'. त्याचा मूळ अर्थ जाणणे. पोहायला 'जाणतो', म्हणजे पोहता येतं.

४. मुभा किंवा मोकळीक असेल तर तिसरंच : 'एक्सेस्ति'. यात कर्ता 'मी' नसतो, तर 'मला' अशा चतुर्थीसारख्या रूपात येतो. 'मला करता येईल, मला परवानगी आहे' अशी रचना.

म्हणजे अंगातली ताकद, शिकलेली कला आणि बाहेरून मिळालेली मोकळीक या तीन गोष्टींना त्या भाषेत तीन क्रियापदं आहेत. वापरताना ती एकमेकांच्या हद्दीत शिरतात, पण खण वेगळे आहेत.

इंग्रजीत मात्र हे सगळं बहुतेक वेळा एकट्या 'कॅन'वर भागतं. गंमत म्हणजे 'कॅन'चाही जुना अर्थ जाणणे असाच होता. काळाच्या ओघात त्याच एका शब्दावर सगळं ओझं पडलं.

मराठीतले तीन खण

आता आपल्या भाषेकडे या. आपण रोज बोलतो म्हणून लक्षात येत नाही, पण मराठीची वाटणी फार बारकाईची आहे.

पहिला खण : -ता येणे (शिकलेलं कौशल्य)

मला पोहता येतं. तिला भाकरी थापता येते. त्याला पाढे म्हणता येतात.

इथे माणूस 'मला, तिला, त्याला' अशा रूपात आहे आणि कौशल्य त्याच्याकडे 'येतं'. किती छान कल्पना आहे! विद्या आपल्याकडे चालत येते. म्हणून 'येत नाही' या शब्दांतच 'उद्या येईल' ही आशा लपलेली असते. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं : कविता म्हणता आली, पाढे म्हणता आले, गणित सोडवता आलं. परिस्थितीची अडचण सांगायलाही हीच रचना चालते : 'पुलावर पाणी होतं म्हणून शाळेत येता आलं नाही.'

दुसरा खण : -ऊ शकणे (सामर्थ्य आणि संभव)

मी ही पिशवी उचलू शकते. मोसमला पूर येऊ शकतो.

दुसऱ्या वाक्यात नदीच्या पुराला काही कौशल्य नाही. तिथे फक्त 'तसं घडण्याचा संभव आहे' एवढाच अर्थ. म्हणूनच 'पुराला येता येतं' असं कोणी म्हणत नाही. निर्जीव कर्ता घालून बघणे ही दोन खण वेगळे करायची सोपी युक्ती आहे.

'शकणे'ची आणखी एक खोड आहे. ते भूतकाळातही 'ने' घेत नाही. 'तिने धडा वाचला' हे बरोबर, पण 'तिने धडा वाचू शकला' हे चूक. 'ती धडा वाचू शकली' हे बरोबर. वाचणे सकर्मक असलं तरी वाक्याचा ताबा अकर्मक 'शकणे'कडे जातो. मुलांच्या वहीत ही चूक हमखास सापडते.

तिसरा खण : शक्य क्रियापद, -वणे (शरीराला किंवा मनाला झेपणं)

आजीला आता चालवत नाही. ताप आलाय, मला उठवत नाही. बाबांच्याने जिना चढवतो. त्याचे हाल पाहवत नाहीत. मला राहवलं नाही.

इथे कौशल्याचा प्रश्नच नाही. आजींना चालता येतं, आयुष्यभर त्या चालल्यात. आज पाय साथ देत नाहीत. 'पाहवत नाही' म्हणणाऱ्याचे डोळे ठणठणीत असतात, मन साथ देत नाही. माणूस 'मला' किंवा 'माझ्याने' अशा रूपात येतो आणि बोलण्यात ही रचना बहुतेक वेळा नकारार्थी असते. झेपतं तेव्हा आपण बोलत नाही, झेपत नाही तेव्हाच बोलतो!

ही वाटणी कुंपण घालून केलेली नाही. दुसरा खण तर पहिल्या आणि तिसऱ्या दोघांच्याही जागी चालून जातो. 'आजी चालू शकत नाही' हे वाक्य चूक नाही. पण त्यातून गुडघे दुखतात, पाय मोडलाय की वाट बंद आहे, हे कळत नाही. 'आजीला चालवत नाही' म्हटलं की लगेच कळतं.

एक सापळा : 'चालवत नाही' म्हणजे नक्की काय?

शक्य क्रियापद आणि प्रयोजक क्रियापद ही दोन्ही दिसायला जुळी भावंडं आहेत.

आजीला चालवत नाही. (चालण्याचं बळ नाही. शक्य)
आजी रिक्षा चालवत नाही. (रिक्षा हाकत नाही. प्रयोजक)

ओळखायची खूण सोपी : कर्त्याकडे बघा. 'ला' किंवा 'च्याने' असेल तर शक्य. कर्ता साध्या रूपात किंवा 'ने' घेऊन असेल तर बहुधा प्रयोजक. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनाही ही खूण कामाला येते.

'वाचवणे' तर तिहेरी आहे. 'अग्निशमन दलाने मुलाला वाचवलं' यात जीव वाचवणे. 'आम्ही पैसे वाचवले' यात शिल्लक टाकणे. आणि 'मला वाचवत नाही' यात पुस्तक वाचणं न झेपणे. त्या मुलीने तिसरा अर्थ सांगितला आणि मी तो ऐकलाच नाही.

आपल्या मालेगावची भाषा काय सांगते?

आपल्या गावात हे समजून घ्यायची सोय दारातच आहे. अनेक घरांत उर्दू बोलली जाते. तिथेही हेच तीन खण जसेच्या तसे आहेत :

मुझे पढ़ना आता है. (कौशल्य)
मैं पढ़ सकती हूँ. (सामर्थ्य, संभव)
मुझसे पढ़ा नहीं जाता. (झेपत नाही)

तिसऱ्या वाक्यातलं 'मुझसे' आणि आपलं 'माझ्याने' शेजारी ठेवून बघा. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला बाप 'आज मुझसे उठा नहीं जाता' म्हणतो, तेव्हा त्याला उठायला येत नाही असं कोणी समजत नाही. मग त्याच घरातल्या मुलाने वर्गात 'मुझसे लिखा नहीं जाता' म्हटलं, की आपण 'लेखन कच्चे' असा शेरा का मारतो? कदाचित त्याला झोप मिळाली नसेल, कदाचित हात दुखत असेल.

अहिराणी बोलणारं मूल 'माले जमत नही' म्हणतं. 'जमणे' या शब्दात तर सगळंच येतं : कला, ताकद, वेळ, मनाची तयारी. म्हणून तिथे आपण एक प्रश्न जास्तीचा विचारायला हवा : "येत नाही, की आज होत नाही?" एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ उलगडतं.

'शकतो'ची वाढती गर्दी

अलीकडे मुलांच्या बोलण्यात आणि आपल्याही लिहिण्यात 'शकणे' फार वाढलंय. इंग्रजी वाक्य मनात ठेवून मराठी बोललं की असं होतं. "मॅडम, मी पाणी प्यायला जाऊ शकतो का?" असं मूल विचारतं तेव्हा मी गमतीने म्हणते, "शकतोस की, पाय आहेत ना तुला!" मराठीत परवानगीसाठी साधं, सुटसुटीत "जाऊ का?" आहे. 'मी पोहू शकतो' हे चूक नव्हे, पण शिकलेल्या कलेसाठी 'मला पोहता येतं' हेच घरचं मराठी आहे.

मी 'शकणे'च्या विरोधात नाही. हा जुना, खानदानी शब्द आहे. संस्कृत 'शक्' धातूपासून तो आला. 'गन्तुं शक्नोति' म्हणजे जाऊ शकतो. पाणिनीने कोणत्या धातूंबरोबर 'तुम्' प्रत्ययाचं रूप येतं ते सांगणाऱ्या सूत्रात 'शक्' सगळ्यात आधी घेतलाय. आपल्या 'करू, जाऊ' या रूपांचा धागाही त्याच 'तुम्'शी जोडला जातो. जुन्या पुस्तकांत 'करूं, जाऊं' असे अनुस्वार दिसतात, ते त्याच नासिक्य उच्चाराची आठवण. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनंतर असे अनुस्वार लिहिणं थांबलं.

शब्दाची शक्ती

ग्रीक 'द्युनामाइ'चा अजून एक उपयोग वाचून मी थक्क झाले. नाण्याची किंमत आणि शब्दाचा अर्थ सांगायलाही ग्रीक लोक हेच क्रियापद वापरत. झेनोफोन हा लेखक इराणच्या सिग्लोस नावाच्या नाण्याची किंमत साडेसात ग्रीक ओबोल असल्याचं सांगताना हेच क्रियापद वापरतो. नाणं जेवढं 'शकतं' तेवढी त्याची किंमत. शब्द जे 'शकतो' तो त्याचा अर्थ.

आता आपल्याकडे बघा. अभिधा, लक्षणा, व्यंजना यांना आपण काय म्हणतो? शब्दशक्ती! 'शक्ती' हा शब्दही त्याच 'शक्' धातूचा. 'शक्' आणि 'द्युनामाइ' हे शब्द सख्खे नाहीत, त्यांची मुळं वेगळी. तरी दोन्हीकडच्या लोकांना वाटलं की अर्थ सांगणं हे शब्दाचं सामर्थ्य आहे. 'वाचवत नाही' या दोन शब्दांतही तेवढी शक्ती होती. कमी पडलं ते माझं ऐकणं.

नोंदी लिहिताना

आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आपण सगळेच लिहितो, आणि शेवटच्या आठवड्यात घाईत लिहितो, हेही खरं. पण त्या नोंदी पुढच्या वर्गाचे शिक्षक वाचतात, पालक वाचतात. आमच्याकडे एक ठरवलंय : नकारार्थी नोंदीत 'शकत नाही' लिहायचंच नाही. त्याऐवजी कोणता खण ते बघायचं.

'वाचू शकत नाही' याऐवजी :
– साधे शब्द वाचता येतात, जोडाक्षरे अजून वाचता येत नाहीत. (शिकवायचं काम माझं)
– वाचता येते, पण सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त वाचवत नाही, डोळे चोळते. (पालकांशी बोलणे, डोळ्यांची तपासणी)
– वाचता येते, पण वर्गासमोर मोठ्याने वाचायला बिचकतो. (भीती घालवणे, आधी जोडीत वाचन)
– मजकुराची भाषा घरच्या भाषेपेक्षा वेगळी, म्हणून अर्थ लागत नाही. (घरच्या भाषेतून सुरुवात)

चार नोंदी, चार वेगळे उपाय. 'शकत नाही' या एका शेऱ्याखाली हे चारही झाकले गेले असते. आणि पहिल्या नोंदीतला 'अजून' हा शब्द विसरू नका. तो मुलासाठीही आहे आणि आपल्यासाठीही.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

इयत्ता तिसरी ते सातवीपर्यंत जमतो. साहित्य काहीच लागत नाही, फळा पुरे.

१. फळ्यावर तीन घरं काढा : 'येतं', 'शकतं', 'वतं'.
२. मुलांना रोजच्या जगण्यातली वाक्यं सांगायला लावा. सायकल, विहिरीत पोहणं, ताप, उपवास, पाऊस, एसटी चुकणं. 'मला सायकल चालवता येते', 'दुपारी पाऊस येऊ शकतो', 'रोजा होता, दुपारी पळवत नव्हतं' अशी वाक्यं मुलं भराभर देतात.
३. प्रत्येक वाक्य कोणत्या घरात, ते मुलांनीच ठरवावं. वाद होऊ द्या. वाद झाला की व्याकरण डोक्यात बसतं.
४. उर्दू किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांना तेच वाक्य घरच्या भाषेत म्हणायला सांगा. एरवी गप्प बसणारी मुलंही इथे बोलती होतात.
५. शेवटी प्रत्येकाने वहीत तीन वाक्यं लिहावीत : मला काय येतं, मला अजून काय येत नाही, आणि मला काय करवत नाही.

शेवटचं वाक्य जरूर वाचा. एकदा एका मुलाने लिहिलं होतं, 'मला डबा खाववत नाही.' पूर्वी मी फक्त स्पेलिंग तपासावं तसं शुद्धलेखन तपासलं असतं. त्या दिवशी त्याला जवळ घेऊन विचारलं. दाढ किडली होती. आईला घरी सांगायला तो घाबरत होता, गोळ्या-चॉकलेट बंद होतील म्हणून.

पालकांसाठी दोन शब्द

मूल 'येत नाही' म्हणालं तर शिकवा. 'होत नाही, करवत नाही' म्हणालं तर आधी पाठीवरून हात फिरवा, झोप, जेवण, डोळे, कान विचारा. आणि 'तो करूच शकत नाही' हे वाक्य मुलासमोर बोलू नका. 'येत नाही' हे आजचं असतं. 'शकत नाही' मात्र मुलाच्या कानात कायमचं राहतं.

ती मुलगी आता मोठ्या वर्गात आहे. परवा ग्रंथालयाच्या पेटीतून पुस्तक घेताना दिसली. म्हटलं, "केवढं जाड पुस्तक! वाचवेल का गं?" हसून म्हणाली, "चष्मा आहे ना मॅडम, वाचवेल."

तुमच्या वर्गातली अशी वाक्यं टिपून ठेवा. मुलं व्याकरण चुकत नाहीत, पुष्कळदा आपलं ऐकणं चुकतं.